ओवाळणीत दोन दिसाचा बाप

किल्लारी,
शनवार, १९ ऑक्टोबर

चि. सिंधुबाई मास्तरणीला शिवकांताक्काचा आशीर्वाद.

इकडं मी हाय, शेळी हाय, गुडघे जागच्या जागी हायत. तिकडं आप्पा, अमरेश आन् तू बरे असाल असं धरून चालते. आधी एक काम कर, हातातलं लाल पेन बाजूला ठेव. मी सातवी शिकलेली बाई हाय. माज्या पत्रात चुका काढायला बसलीस तर तुज्या भाकरी करपतील.

फोन हाय की, मंग पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की तू एका हातानं भाजी परततीस आन् "हाव आक्का, हाव आक्का" करतीस. मी मेले म्हणून सांगितलं तरी हावच म्हणशील. आमचा अमरेश तर लगोलग स्पीकर लावतोय. बाजूला आप्पा. आप्पाला हाक मारली तर ऐकू येत न्हाई, पर त्यांच्याबद्दल बोललं की भिंतीपलीकडचं ऐकू येतंय. म्हणून व्यंकटच्या हाती पत्र धाडते. त्याची जीप रोज किल्लारी-औसा-लातूर करती. तुज्या शाळेच्या गेटावर देईल. त्याला च्या पाज, न्हाईतर पुढचं पत्र त्यो आधी वाचील आन् मंग देईल.

सोयाबीनची रास झाली. आधी रास झाली की अंग हलकं व्हायचं. आता नुसतं बसावं वाटतंय, आन् बसलं की उठावं वाटत न्हाई. मालक गेल्यापासनं सैपाक बी तसाच. एका माणसासाठी चूल पेटवायची म्हंजे चुलीला बी लाज वाटत असंल. सकाळचं दुपारी खाते, दुपारचं राती. शेळीचं जेवण माज्यापरीस ताजं असतंय.

आता मुद्द्याचं. भाऊबिजेला मी येणारच हाय. आवंदा मला साडी नको. गेल्या साली तू बदामी रंगाची आणलीस, ती नेसून भायेर आले तर शेजारची सरजाबाई म्हणाली, "शिवकांता, चिपाडात गुंडाळल्यावानी दिसायलीस." तवापासनं ती साडी पेटीत हाय. आवंदा ओवाळणीत मला आप्पा दे. दचकू नको, कायमचा मागत न्हाई. दोन दिसासाठी.

नांदेडला नेते म्हणते. मी आन् आप्पा, दोघंच. अमरेश नको, तू नको, तुमची गाडी नको. एस्टीनं जाऊ. आप्पाला तिकीट माफ, मला अर्धं. बाप-लेक मिळून अर्ध्या माणसाच्या भावात शहर बघून येतो. पहिल्या दिशी विष्णुपुरीचं धरण बघू. आप्पाला पाणी बघायचा नाद हाय, तुला म्हाईत हाय. तुमच्या नळाला पाणी आलं तरी ते खुर्ची टाकून बघत बसतात. तिथं तर गोदावरी काठोकाठ हाय म्हणं. मंग गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात ऱ्हाऊ. तिथल्या टेसनावरचा सरकता जिना बी दावते. आप्पा त्याच्यावर पाय ठेवतात का जिन्यालाच शिव्या देतात, मला बघायचंय.

तू बी दोन दिस पाय पसरून झोप. गेल्या बारीला आले तवा तुजे डोळे बघितले मी. शाळा करायची, पेपर तपासायचे, आप्पाची आंघोळ, आप्पाचं पथ्य. म्हातारा माणूस सांभाळणं म्हंजे कापूस येचल्यावानी हाय, दिसत काय न्हाई आन् कंबर मोडती. मी इथनं फोनवर इचारते, "आप्पा जेवले का?" इचाराया काय जातंय!

ते आता दोनच घास खातात, म्हणालीस. ते ऐकल्यापासनं माज्या डोक्यातनं नांदेड जात न्हाई. दोन्हीचा संबंध काय, ते इचारू नको.

जबाब व्यंकटच्या हाती दे.

तुजी खट्याळ नणंद,
शिवकांता


किल्लारी,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सिंधु,

तुजी चिठ्ठी भेटली. अक्षर लई देखणं हाय, पर चिठ्ठी काढली तवा डाळीचा वास आला. म्हंजे माज्या पत्राचा जबाब बी तू कुकरच्या शिट्ट्या ऐकत लिहिलास.

अमरेश म्हणतोय, "आक्काला ह्या वयात काय खूळ लागलंय. जायचंच हाय तर तुळजापूर जवळ हाय, गाडी करून देतो." त्याला म्हणावं, खूळ मला लहानपणापासनं हाय, तुजा पाळणा मीच उलटा केल्ता. आन् गाडी नको. गाडीत बसलं की ड्रायव्हर घाई करतोय आन् आप्पाला घडीघडीला उतराया लागतंय. एस्टीत निदान शिव्या द्यायला कंडक्टर तरी असतोय.

पर तू एक ओळ लिहिलीस, "आक्का, खरं सांगा, नांदेडच का? तुमचं काय दुखतंय का? विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात दावायचं हाय का आप्पाला?"

न्हाई गं बाई. माजं काय बी दुखत न्हाई, म्हंजे जे दुखतंय ते दवाखान्यात दावायचं न्हाई. ह्या एका ओळीपाई मी दोन दिस बेजार झाले. लिहू का नको, लिहू का नको. शेळीला इचारलं, ती पाला खात ऱ्हायली.

तू आमच्या घरात आलीस तवा एक गोष्ट बघितली असशील, पर इचारली कवाच न्हाईस. आप्पा माज्याकडं येतात तवा तू त्यांच्या पिशवीत भाकर बांधून देतीस, आन् पाण्याची बाटली. का देतीस? सासूनं सांगितलं म्हणून. सासूला तिच्या सासूनं सांगितलं. लेकीच्या पोटी लेकरू होईस्तोर बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेयाचं न्हाई. समद्या गावात हाय ही रीत, कुणाला वर्साची, कुणाला दोन वर्साची. लेकरू झालं की बाप वाजतगाजत येतोय, जेवतोय, रीत फिटती.

मला लेकरू झालं न्हाई.

लिहिलं बघ. एवढं लिहायला आख्खी दुपार गेली.

म्हणून माज्या बापाची रीत फिटलीच न्हाई. आप्पा आले की माज्या वट्ट्यावर बसतात, तुजी भाकर सोडतात, तुज्या बाटलीतलं पाणी पेतात. मी समोर बसून माशा वारते. आन् च्या कुठला पेतात, म्हाईत हाय? सरजाबाईचा! ती काय त्यांची लेक न्हाई, मंग चालतंय. ती आपली वट्ट्यावर कप आणून देती, "घ्या आप्पा." माज्याच दारात बसून माजा बाप शेजारणीचा च्या पेतोय आन् वर म्हणतोय, "सरजाबाईच्या हाताला चव हाय." मी बी हसते. म्हणते, "मंग तिलाच दत्तक घ्या की आप्पा." ते हसतात. सरजाबाई हसती. एवढ्या वर्साचं हसणं हाय ते, आता त्याचा बी शीण येतोय.

भूकंपाच्या वख्ताचं सांगते. आमचं घर बसलं, मालक आन् मी भायेर निजलेलो म्हणून वाचलो. आप्पा चालत आले औशाकडनं, वाटंनं कुणाची गाडी भेटंल तिथवर गाडीनं, मंग चालत. दिसभर आमच्या दगडामातीत हात घालून भांडी काढली. मी तीन दगडं मांडून च्या केला. घर न्हाई, भिंत न्हाई, वर उघडं आभाळ. म्हणलं, आता कुठलं लेकीचं घर? आता घेतील. कप पुढं केला. आप्पानं कपाकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, आन् म्हणले, "लेकरू होऊ दे गं. तवा पिऊ की पोटभर."

आशीर्वादच दिल्ता त्यांनी. वाईट कसं म्हणू? पर त्यो च्या मी मातीत वतला, आन् तवापासनं माजं आन् त्यांचं एवढं एकच बोलणं ऱ्हायलंय.

मालक गेले तवा तू पिठलं-भाकर घेऊन आलीस, कडू घास म्हणून. त्या दिशी आप्पा आन् मी एका ताटात जेवलो. पर अन्न तुजं हुतं, सिंधु. वाईट वाटून घेऊ नको, पिठलं चांगलं झाल्तं, जरा मीठ कमी हुतं.

आता नांदेड का, ते ऐक. गेल्या साली सरजाबाई बचत गटाच्या बायांसंगं तिकडं गेल्ती. तिनं सांगितलं, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणी बी जेवतंय, आन् कुणी बी सैपाकाला बसतंय. तू कोण, कुठली, कुणी इचारत न्हाई. बाया पोळ्या लाटत बसतात, आपण बी जाऊन बसायचं. ते ऐकलं आन् माज्या टाळक्यात उजेड पडला. लंगर काय माजं घर न्हाई. देवाचं घर. तिथं आप्पा जेवणारच. आन् पोळी जर मी लाटलेली असंल तर? रीत बी मोडली न्हाई, आन् माज्या हातचं बी पोटात गेलं. मी कडेला चिमटा काढून ठेवीन, आमच्या आईची सवय हुती तशी, म्हंजे कळंल कुठली माजी. आप्पाला सांगणार न्हाई. खाऊन ढेकर दिला की मंग सांगीन, आन् तोंड बघीन त्यांचं.

हाय का न्हाई नणंद बिलंदर?

हसू नको. दोनच घास खातात, म्हणालीस. त्या दोनातला एक माजा असावा, एवढंच मागायली.

अमरेशला ह्यातलं काय सांगू नको. त्यो म्हणील, "आप्पा, आक्काकडं जेवा की, काय हुतंय." आन् आप्पा त्याच्या धाकानं जेवतील. तसलं जेवण मला नको.

भाऊबिजेला येते. करंज्या मऊ करू नको, आप्पाच्या दाताचा बहाणा करून तू मोहन जास्त घालतीस.

शिवकांता


किल्लारी,
गुरवार, ७ नोव्हेंबर

सिंधु,

काल सांजच्याला अमरेशचा फोन आला. लई तापल्ता. "आक्का, दोन दिस म्हणलीस आन् आप्पाला परस्पर गावाकडं कशी नेलीस? इचारायचं तरी." मी म्हणलं, "मी न्हाई नेलं बाबा, त्यांनीच मला आणलं." त्याला ती मस्करी वाटली. जलमभर मस्करी केली की असं हुतंय, खरं बोललं तरी कुणी धरत न्हाई. म्हणून तुला समदं सांगते, तू त्याला सांग.

जाताना बस हलत-डुलत गेली. आप्पा खिडकीला. अहमदपूर येईस्तोर झोपले माज्या खांद्यावर. किती हलके झालेत गं. खांद्याला वझं वाटंना, तेच वझं वाटलं.

विष्णुपुरीला गेलो. पाणी म्हंजे पाणी! आप्पा कठड्याला धरून हुबे ऱ्हायले ते हलंनात. मी म्हणलं, "आप्पा, चला, ऊन लागंल." तर म्हणले, "थांब की. लातूरच्या समद्या घागरी मनातल्या मनात भरून घ्यायलाव." सरकत्या जिन्यावर पाय ठेवला न्हाई. म्हणले, "जिना सरकतोय तर माणसानं कशाला सरकायचं, मी इथंच बसतो, त्यो सरकू दे." तिथला शिपाई बी हसला.

यात्री निवासात राती मला झोप न्हाई. लगनाच्या आदल्या दिशी झोप आल्ती, पर इथं न्हाई.

सकाळी आप्पानं लिंगपूजा केली, आन् आमी लंगरात गेलो. तिथं डोकं झाकाया लागतंय. आप्पाचा पटका बघून दारातला सरदारजी लई खूश झाला, हात जोडले त्यानं. आप्पाला पंगतीत बसवलं, शेजारी निलंग्याकडचं एक कुटुंब हुतं, त्यांना म्हणलं, "जरा बघा, मी आलेच." आन् गेले आत.

काय सांगू तुला! आपल्या जत्रंचा सैपाक बी फिका पडंल. बाया वळीनं बसलेल्या, कुणी पंजाबी बोलतंय, कुणी तेलुगू, कुणी आपलं. एका म्हातारीनं सरकून जागा दिली, गोळा हातात दिला. लाटाया लागले. गुडघे भरून आले, पर हात थांबंनात. किती दिसांनी एका माणसापरीस जास्तीचं करायले हुते! प्रत्येक पोळीच्या कडेला चिमटा काढला. शेजारची म्हातारी चिमट्याकडं बघून काय तरी बोलली, मला कळलं न्हाई, मी बी तिला काय तरी बोलले, तिला कळलं न्हाई. दोघी हसलो.

पोळ्या तव्यावर गेल्या. तव्यावरनं टोपल्यात गेल्या. टोपलं उचललं एका पोरानं. मी हात पुसायच्या आत उठले, त्याच्या मागं. पंगतीत वाढतात तिथं पोळी ताटात टाकत न्हाईत, दोन्ही हात पुढं करायचे, मंग हातात देतात. मी लांबून बघायले. आप्पानं दोन्ही हात पुढं केलेले.

आन् ते पोरगं वळलं की दुसऱ्या वळीला!

आप्पाच्या हातात दुसऱ्याच टोपल्यातली पोळी पडली. गुळगुळीत, बिनचिमट्याची. माजी पोळी गेली समोरच्या एका जाडजूड ट्रकवाल्याच्या हातात. त्यानं चार घासात संपवली आन् अजून मागितली. त्याचं बी चांगलं व्हावं, पर त्या वख्ताला मला त्याच्या ताटातनं हिसकावी वाटली.

आप्पाच्या बाजूला जाऊन बसले.

"कुठं गेल्तीस?" आप्पा म्हणले.

"लाटाया."

"काय?"

"पोळ्या, आप्पा. पोळ्या लाटाया."

त्यांनी माज्या हाताकडं बघितलं. कोपरापतोर पीठ हुतं. मंग हातातल्या पोळीकडं बघितलं.

"ही तुजी का?"

हाव म्हणायचं हुतं बघ. एवढं खोटं मी जलमभर उगी गंमत म्हणून बोलले असंन. पर जीभ उचलंना. म्हणलं, "न्हाई. माजी त्या समोरच्यानं खाल्ली."

आप्पा त्या ट्रकवाल्याकडं बघत ऱ्हायले. मंग म्हणले, "एवढ्या लोकांनी खाल्ली?"

"हाव."

"आन् मला एक बी न्हाई?"

सिंधु, माज्या तोंडाला कवा कुलूप नव्हतं, तुला म्हाईत हाय. मी मस्करीतच बोलाया गेले, पर ते मस्करीचं निघालं न्हाई. म्हणलं, "तुमी कवा मागितली, आप्पा?"

बस. हातातली पोळी समदी खाल्ली त्यांनी, वरण बी खाल्लं. दोन घास न्हाईत, आख्खी पोळी. ताट धुवाया नेलं तवा मला बघवलं न्हाई. म्हणलं, झालं, शिवकांता. एवढा डाव मांडलास, शहर गाठलंस, आन् तुज्या हातचं जगानं खाल्लं, बापाचं ऱ्हायलं.

परतीच्या बसमधी आप्पा झोपले न्हाईत. भायेर बघत बसले.

लातूरच्या स्टँडवर उतरलो. मी तुमच्या घराकडं जायला रिक्षाला हात केला, वळून बघते तर आप्पा न्हाईत. इकडं बघते, तिकडं बघते, तर म्हातारा औशाच्या गाडीत, खिडकीला, पिशवी मांडीवर घेऊन.

"आप्पा, उतरा. घर इकडं हाय."

"मला म्हाईत हाय ते कुठं हाय. तुजं कुठं हाय?"

"आप्पा, सिंधु वाट बघत असंल."

"बघू दे. लातूरचं टँकरचं पाणी पिऊन तोंड आळणी झालंय माजं. तुजी हिर आटली न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग बस की. गाडी सुटंल."

एवढंच. औशात व्यंकट भेटला, त्याच्या जीपमधी पुढं बसवलं त्यांना.

घरी आलो. आप्पा नेमावानी वट्ट्यावर बसले. सरजाबाईनं बघितलं, ती बी नेमावानी कप घेऊन आली, "घ्या आप्पा, लई दिसानं आलात." मी दारात हुबी. आप्पानं कप घेतला न्हाई. म्हणले, "आज नको बाई. आज लेक करायली."

मी काय करायले नव्हते, सिंधु. मी नुसती हुबी हुते.

सरजाबाईनं माज्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं, आन् त्या बयेनं त्यो च्या तिथंच हुबं ऱ्हाऊन सोताच पिऊन टाकला.

मी आत गेले. चूल पेटवली. गॅस हाय, पर चूलच पेटवली. पाणी ठेवलं, पत्ती टाकली, दूध वतलं. साखरंचा डबा उघडला आन् हात तिथंच थांबला. आप्पाला साखर किती लागती, मला म्हाईत न्हाई. म्हंजे माज्या लगनाच्या आधीचं आठवतंय, तवा गूळ घालत हुतो. आता त्यांना गोड चालतंय का, दाक्तरनं बंद केलंय का, काय बी म्हाईत न्हाई. तुला म्हाईत हाय. सरजाबाईला बी म्हाईत हाय. सख्ख्या लेकीला न्हाई.

अंदाजानं घातली. कप हातात दिला. आप्पानं दोन्ही हात पुढं केले, लंगरात केल्ते तसे. पिले. गोड झाला का अगोड, काय बी बोलले न्हाईत. कप मातर धुवायला मला दिला न्हाई, बराच येळ हातात धरून बसले.

आता ते निजलेत. मी इथं दारात बसून लिहायली. लई थकले गं, सिंधु. ह्या बारीचा थकवा बरा हाय.

अमरेशला सांग, राग धरू नको. आप्पाला कवा यायचंय ते त्यांनाच ठरवू दे. तू तवर झोप. आन् त्यांच्या गोळ्या व्यंकटच्या हाती धाड. त्याच कागदावर एक ओळ लिही, साखर किती घालायची. उद्याच्या सकाळच्या च्याला लागंल. सरजाबाईला मी इचारणार न्हाई.

वाट बघायली,
शिवकांता,
गुरुबसप्पाची लेक